तुळई मूळचीच

"फुंकू नका साहेब, डोळ्यांत जाईल," ठेकेदार म्हणाला.

ओव्हरसियर फुंकणार नव्हता. तो नुसता वाकून बघत होता. सभागृहाच्या फळ्यांच्या छतावर आणि पत्र्याखाली जेमतेम रांगता येईल एवढी जागा होती आणि तिथे दोघे उकिडवे बसले होते. ठेकेदाराने मुख्य तुळईत चार बोटे गिरमिट घातले होते आणि आता तो ते उलटे पिळत बाहेर काढत होता. लाकूड आतून कुजलेले असले की गिरमिटाबरोबर भुकटी येते, हे ओव्हरसियरने पुस्तकात वाचले होते. आली ती भुकटी नव्हती. लांब, सलग, पिवळसर वळी आली, पेन्सिलीला टोक करताना निघते तशी. ब्याण्णव वर्षांनंतरही तिला लाकडाचा वास येत होता.

"अजून एकदा," ओव्हरसियर म्हणाला.

"तीनदा झालं साहेब. किती टोचायचं? धडधाकट माणसाला सारखं टोचत राहिलं तर तोही आजारी पडेल."

"दुसऱ्या टोकाला."

ठेकेदार रांगत दुसऱ्या टोकाला गेला. तिथूनही वळीच निघाली. त्याने ती ओव्हरसियरच्या तळहातावर ठेवली आणि मग, अशा वेळी समजूतदार माणूस जे करतो ते केले. दुसरीकडे बघत कपाळ पुसले.

सहा वर्षांपूर्वी 'मुख्य तुळईस मोठी भेग, सभागृहाचा वापर तात्काळ बंद' असे लिहून ज्याने हे सभागृह बंद केले, तो ओव्हरसियर हाच. या सहा वर्षांपैकी चार वर्षे फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाण्यात गेली. टेबले शेजारीशेजारी होती. दीड वर्ष निविदेत गेले. काम झाले सहा महिन्यांत. नव्या वायरी आल्या, संकटकाळी बाहेर पडायचे दोन दरवाजे आले, आग विझवायची लाल नळकांडी भिंतीवर लागली. तुळई बदलायचे काम तेवढे शेवटी ठेवले होते, आणि येत्या रविवारी सकाळी सभागृह पुन्हा उघडायचे होते. शहरात ओव्हरसियरला 'कुलूपसाहेब' म्हणत. तोंडावर नुसते 'साहेब' म्हणत, पण म्हणण्याआधी किंचित थांबत.

"मग आता असं करू," ठेकेदार म्हणाला. "अंदाजपत्रकात 'तुळई बदलणे' लिहिलंय. बदलली नाही असं लिहिलंत तर फाइल परत वर जाणार, रविवार गेला बाराच्या भावात. त्यापेक्षा मी लिहितो, जुनी काढली, कुजलेली निघाली, नवी घातली. खालनं रंग एकदा लागला की देवालासुद्धा कळायचं नाही कुठली आहे ती. तुमचंही राहील."

"माझं काय राहील?"

"तुमचं म्हणजे…" ठेकेदार अडखळला. "साहेब, लोक बोलतात ते आम्हालाही ऐकू येतं."

ओव्हरसियरने बॅटरी उचलली. बॅटरीचा झोत तुळईच्या अंगावरून फिरवत तो ती भेग बघत होता. खालून दिसली होती तीच, लाकडाच्या रेषेत गेलेली, हातभर लांबीची. भेग जिथे संपत होती तिथे झोत थांबला.

तिथे पेन्सिलीने आडव्या रेघा मारलेल्या होत्या. रेघांपुढे बारीक अक्षरांत वर्षे होती आणि प्रत्येक वर्षापुढे एकच शब्द होता. तशीच. तशीच. तशीच. जागा पुरली नाही म्हणून वर्षे तुळईच्या अंगावरून खाली उतरत गेली होती. एकूण एकतीस. रेघा मात्र सगळ्या भेगेच्या टोकाशीच होत्या; सगळ्यात जुनी रेघ आणि सगळ्यात नवी रेघ यांच्यात नखसुद्धा शिरले नसते.

त्या वर्षांतले साताचे आकडे नेहमीसारखे मान खाली घातलेले होते. असे सात एकच माणूस काढत असे.

"भेग वाढते का बघत होतं कुणीतरी," ठेकेदार जवळ येऊन म्हणाला. "पद्धतशीर काम आहे हो. आमच्यात जुने लोक असं करायचे. वर्षातून एकदा यायचं, भेगेच्या टोकाशी रेघ मारायची. एकतीस वर्षं हललेली नाही म्हणजे साहेब, ही लाकूड वाळतानाची भेग. इमारत बांधली तेव्हाचीच असणार. कोण होता हा माणूस?"

"इथला रखवालदार."

"म्हणजे तुमचे…"

"हो."

ठेकेदाराने जीभ चावली. मग थोड्या वेळाने, विचारल्यावाचून राहवेना म्हणून, विचारले, "त्यांनी तुम्हाला कधी सांगितलं नाही?"

"वर ये म्हणाले होते," ओव्हरसियर म्हणाला.

शेवटच्या रेघेपुढे नुसते वर्ष नव्हते, पूर्ण तारीख होती. सहा वर्षांपूर्वीच्या पाहणीच्या आदल्या दिवसाची.

*

त्या वर्षी दुसऱ्या कुठल्याशा शहरात एका सभागृहाचा सज्जा कोसळला आणि माणसे गेली. लगेच वरून हुकूम सुटला की पन्नास वर्षांपेक्षा जुन्या सगळ्या सार्वजनिक वास्तू आठ दिवसांत तपासा. सज्जा कोसळेपर्यंत पन्नास वर्षे कुणाला घाई नव्हती. ओव्हरसियरच्या वाट्याला चौदा वास्तू आल्या. चौदावे हे सभागृह होते. तो मोठ्या साहेबांकडे गेला आणि म्हणाला, "तिथे माझे वडील नोकरीला आहेत. दुसऱ्या कुणाला पाठवा." मोठे साहेब म्हणाले, "मग बरंच झालं की. तुला पत्ता विचारावा लागणार नाही."

वडील तिथे अडतीस वर्षे होते. नेमणूक रखवालदाराची, पण ते खुर्च्या लावत, नळ दुरुस्त करत, हरवलेली मुले ध्वनिक्षेपकावरून पुकारत, आणि भाषण लांबले की बाजूच्या खिडकीतून अध्यक्षांना घड्याळ दाखवत. शहरातली निम्मी लग्ने, सगळ्या शोकसभा आणि शाळांची बक्षिसे त्यांच्या देखरेखीखाली पार पडली होती. त्यांना सगळे 'हॉलवाले बाबा' म्हणत. घरी ते नुसते बाबा होते.

पाहणीच्या दिवशी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी माळ्याच्या झडपेखाली शिडी लावून ठेवली होती आणि खालून धरली होती.

"चल वर. पाच मिनिटं लागतील."

"खालून बघितलं तेवढं पुरे आहे."

"अरे, खालून छत दिसतं. तुळई वर आहे."

"बाबा, मी इथे साहेब म्हणून आलोय."

"बरं," बाबा म्हणाले. "मग साहेब, वर चला."

मागे उभे असलेले सभागृह समितीचे अध्यक्ष हसले. दोन सभासद हसले. ओव्हरसियर मात्र हसला नाही. त्याच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. बापाने हाताला धरून वर नेले आणि पोराने 'सगळे ठीक' लिहिले, असे उद्या कुणी म्हणाले तर? नोकरीतल्या अठरा वर्षांत त्याच्याविरुद्ध एक ओळ कुणी लिहिली नव्हती. मान वर करून त्याने छतातल्या फटीतून भेग बघितली, टेबलावर फॉर्म ठेवला आणि पेन काढले. फॉर्ममध्ये दोन चौकोन होते. एकापुढे लिहिले होते, 'निरीक्षणाखाली ठेवून वापर चालू.' दुसऱ्यापुढे, 'वापर तात्काळ बंद.' त्याने दुसऱ्यावर खूण केली.

बाबांना चष्म्याशिवाय वाचता येत नव्हते, पण खूण कुठे झाली ते दिसत होते.

"दुसऱ्या कुणाचा हॉल असता तर?" त्यांनी विचारले.

"तरी हेच केलं असतं."

बाबांनी त्याच्याकडे बघितले. मग शिडी आडवी करून उचलली आणि एकट्यानेच जागेवर नेऊन ठेवली.

त्यानंतर पाच वर्षांत ते मुलाशी एक वाक्य थेट बोलले नाहीत. भांडण नव्हते. एकाच टेबलावर जेवण, एकच वर्तमानपत्र. फक्त निरोप सुनेमार्फत जात. "सूनबाई, साहेबांना विचार, मीठ देऊ का." मिठाची बाटली साहेबांच्या कोपरापाशीच असे. "बाबांना म्हणावं, नको." सून ताटावरून मान वर न करता म्हणे, "आलं ना ऐकू? की मीठही आता कार्यालयातून मंजूर करून आणू?" सुरुवातीला या बोलण्यावर आई हसायची. नंतर हसेनाशी झाली. नंतर सूनही बोलेनाशी झाली आणि नुसती बाटली सरकवू लागली.

रोज सकाळी साडेआठला बाबा शर्ट घालून बाहेर पडत आणि बंद फाटकासमोरच्या बाकावर बसत. साडेदहाला परत येत आणि आईला सांगत, "जाऊन आलो." जाणारे-येणारे विचारत, "काय बाबा, अजून बंदच?" ते म्हणत, "काम चालू आहे." तेव्हा फाइल दुसऱ्या टेबलावर होती. कुणी कुलूपसाहेबांना शिव्या घातल्या की मात्र बाबा उठून उभे राहत. "नियमाने बंद केलंय. नियम काय त्याने घरी बसून काढला?" हे ओव्हरसियरला पुष्कळ उशिरा कळले, तेही न्हाव्याकडून.

आठ महिन्यांपूर्वी ते दवाखान्यात होते. नर्स फॉर्म भरत होती.

"आजोबा, काम काय करायचात?"

"हॉलवर आहे."

"आहे म्हणजे? रिटायर ना?"

"नाही. सध्या दुरुस्ती चालू आहे."

नर्सने ओव्हरसियरकडे बघितले. त्याने मान हलवली. नर्सने 'नोकरी' लिहिले.

त्या दुपारी खोलीत दोघेच होते. ओव्हरसियर सकाळपासून एक वाक्य जुळवून आला होता. ते त्याने घरून निघताना म्हणून बघितले होते, जिन्यात म्हणून बघितले होते. बाबांनी डोळे उघडून त्याच्याकडे बघितले. नीट बघितले. बघत राहिले.

"पाणी देऊ?" ओव्हरसियर म्हणाला.

बाबांनी मान हलवून नको म्हटले आणि डोळे मिटले. पाच वर्षांत सुनेला मध्ये न घेता झालेले बोलणे ते एवढेच. दुसऱ्या दिवशी ते गेले.

शोकसभा शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत झाली. खोलीत अकरा खुर्च्या होत्या, त्यामुळे अकरा माणसे बसली आणि बाकीची जिन्यात उभी राहिली. अध्यक्ष म्हणाले, "ज्यांनी आयुष्यभर सगळ्यांना बसायला खुर्ची दिली…" आणि पुढे त्यांना बोलवेना. खालून शिलाईयंत्राचा आवाज येत होता. शिंपी भला माणूस होता, पण गिऱ्हाइकाला त्याच दिवशी कपडे हवे होते.

*

माळ्यावरून ओव्हरसियर घरी आला तेव्हा आई स्वयंपाकघरात लसूण सोलत होती. बायको कणीक मळत होती.

"शर्टाला काय लावून आलास?" आईने विचारले. "वर गेला होतास?"

"हो."

आईची बोटे थांबली. "कसं निघालं?"

आठ महिने आईने हा एकच प्रश्न जपून ठेवला होता, हे त्याला ठाऊक होते. तुळई उघडी पडेल तेव्हा कळेल, असे ती कुणाशी न बोलता म्हणत आली होती. एकदा बायकोला तिने सांगितले होते, "गेला तो गेला. निदान जो राहिलाय तो तरी बरोबर निघू दे." बायकोने ते नवऱ्याला सांगितले होते. निरोप पोचवायची सवय झाली होती तिला.

ओव्हरसियरने ठेकेदाराचे म्हणणे सांगितले. कुजलेली निघाली असे लिहिता येईल हेही सांगितले.

"मग लिहा ना," बायको पटकन म्हणाली. "कुणाचं काय जातंय? तुळई काही उठून सांगणार नाही. रविवारी लोक चार चांगले शब्द बोलतील. सहा वर्षं रस्त्यानं मान खाली घालून चालताय ते तरी थांबेल."

"म्हणजे कुजलेली नाही," आई म्हणाली.

"नाही. चांगली आहे. बाबांनी वर रेघा मारून ठेवल्यात, दरवर्षी एक."

"पेन्सिल माझ्याकडून न्यायचे," आई म्हणाली. "परत आणून द्यायचे नाहीत. मला वाटायचं, हरवतात."

कणीक मळायची थांबली. मग ओव्हरसियरने सांगून टाकले. जिन्यात जुळवलेले वाक्य नव्हे. ते तो केव्हाच विसरला होता. आता तो सुटे सुटे बोलला.

"आई, त्याच आठवड्यात मी ते जुनं सिनेमागृह तपासलं होतं. तिथली भेग याच्या दुप्पट होती. ते मी चालू ठेवलं. निरीक्षणाखाली. हा हॉल दुसऱ्या कुणाचा असता तर हाही चालूच ठेवला असता. बाबा तिथे होते म्हणून बंद केला. कुणी काही म्हणू नये म्हणून."

सिनेमागृह अजून चालू होते. तिथे सहा वर्षांत पडले ते फक्त सिनेमे.

आईने लसणाची पाकळी ताटलीत टाकली. "माहीत होतं त्यांना."

"काय माहीत होतं?"

"सिनेमावाल्यानंच सांगितलं होतं की. आठ दिवसांच्या आत. खूश होऊन सांगत आला, साहेबांनी आमचं चालू ठेवलं म्हणून." आईने पदराने हात पुसले. "मी म्हटलं, मग जा, विचारा पोराला. तर म्हणाले, बंद केलं त्याचा मला राग नाही. घाबरला असेल. माझ्यामुळे घाबरला. पण मी विचारलं तेव्हा तोंडावर खोटं बोलला. तेवढं त्याचं त्याला येऊन सांगू दे."

"मग बोलले का नाहीत?"

"थांबले होते रे," आई म्हणाली. "तू सांगशील म्हणून. मी म्हणायची, अहो, तो तुमच्यासारखाच आहे, नाही सांगायचा. तर म्हणायचे, सांगेल. घाई काय आहे?"

बायकोने कणीक झाकून ठेवली आणि ती बाहेर निघून गेली. दोघांनी आपल्याकडे बघू नये, असे तिला वाटले असावे.

*

दुसऱ्या दिवशी त्याने अहवाल लिहिला. 'मुख्य तुळई मूळचीच असून पूर्णपणे सुस्थितीत आहे. बदललेली नाही. तुळईवरील भेग लाकूड वाळतानाची असून किमान एकतीस वर्षे स्थिर असल्याची नोंद जागेवर उपलब्ध आहे. सदर नोंद पूर्वीच्या पाहणीवेळी दाखविण्यात येत असूनही खालील सही करणाऱ्याने ती पाहिली नाही. सबब पूर्वीचा निष्कर्ष चुकीचा होता.' सरकारी भाषेत रडता येत नाही, ही तिची मोठीच सोय आहे. शेवटची ओळ त्याने वेगळी लिहिली. 'वास्तू वापरास योग्य.'

मोठे साहेब आता निवृत्तीला आले होते. त्यांनी पहिले पान उलटले, दुसरे उलटले, शेवटची ओळ वाचली.

"योग्य आहे ना?"

"आहे. पण वरचं वाचा साहेब."

"वरचं कोण वाचतं?" साहेबांनी सही केली. "हे बघ, तुळई आहे, छत आहे, रविवार आहे. अजून काय पाहिजे?"

फाइल त्या दिवशी एका दिवसात पाच टेबले ओलांडून गेली. कुणी वरचे वाचले नाही. ठेकेदार दोन दिवस जीव मुठीत धरून बसला होता. शेवटी त्याला हसू आले. म्हणाला, "साहेब, खोटं लिहायला मी उगाच जीव टाकत होतो. खरं लिहिलं तरी कळत नाही की इथे."

*

रविवारी सकाळी सभागृह भरले. मागे उभे राहायलाही जागा नव्हती. भिंतींना ताज्या रंगाचा वास येत होता. शाळेतल्या मुलींनी गाणे म्हटले. आई आणि बायको तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. आधी त्यांना पाहुण्यांच्या रांगेतून उठवून पाचव्या रांगेत बसवले होते, मग कुणी तरी अध्यक्षांच्या कानात सांगितल्यावर परत तिसऱ्या रांगेत आणून बसवले. आई दोन्ही वेळा काही न बोलता उठली.

अध्यक्षांचे भाषण लांबले. खिडकीतून घड्याळ दाखवायला कुणी नव्हते.

"मित्रहो, सहा वर्षं आपण सगळ्यांनी एका माणसाला नावं ठेवली," अध्यक्ष म्हणाले. "मीही ठेवली. खोटं कशाला सांगू? पण आज या नव्या छताखाली बसल्यावर मनात येतं, त्या दिवशी त्याने बंद केलं नसतं तर? केवढा अनर्थ झाला असता! आपली लेकरंबाळं खाली आणि ही तुळई वर. स्वतःच्या जन्मदात्याचीसुद्धा भीड न ठेवता ज्याने कर्तव्य केलं, त्या आपल्या कुलूपसाहेबांना…" लोक हसले, आणि त्या हसण्यात सहा वर्षांनी पहिल्यांदा माया होती. "…मी विनंती करतो की त्यांनी पुढे यावं."

टाळ्या थांबेनात. ओव्हरसियर मंचावर गेला. त्याच्या हातात फुलांचा गुच्छ दिला गेला. गुच्छाचा कागद करकरत होता, म्हणून त्याने तो टेबलावर ठेवला. समोर ध्वनिक्षेपक होता. दोन शब्द बोलायचे होते.

"तुळई चांगली होती," तो म्हणाला.

त्याने ध्वनिक्षेपक जवळ ओढला.

"ती बदललेली नाही. हीच आहे, पहिल्यापासूनची. तिला काही झालं नव्हतं. माझे वडील मला वर चल म्हणत होते. मी गेलो नाही." आवाज त्याला स्वतःलाच परका वाटत होता, भिंतीवर आपटून परत येत होता. "हा हॉल दुसऱ्या कुणाचा असता तर मी बंद केला नसता. त्यांनी मला विचारलं होतं. मी खोटं सांगितलं. माझं चुकलं."

क्षणभर कुणाला काय करावे कळेना. मग अध्यक्ष लगबगीने पुढे आले. मुरलेला माणूस होता. त्याने ध्वनिक्षेपक स्वतःकडे वळवला आणि ओव्हरसियरच्या खांद्यावर हात टाकला.

"बघा! याला म्हणतात विनय! एवढं करून माणूस म्हणतो, माझं चुकलं. घ्या, नाही तर आमच्यासारखे, काही न करता हार घालून घेतात!"

हशा झाला. टाळ्या पहिल्यापेक्षा मोठ्या झाल्या. मागचे लोक खुर्च्यांवर चढून वाजवू लागले. न्हावी वाजवत होता, शिंपी वाजवत होता, मोठे साहेब बसल्या जागेवरून अर्धवट उठून वाजवत होते. ओव्हरसियर हात बाजूला सोडून उभा होता. "नाही, खरंच," असे तो एकदा म्हणाला, पण ध्वनिक्षेपक आता अध्यक्षांकडे होता.

तिसऱ्या रांगेत आई टाळ्या वाजवत नव्हती. एवढ्या भरलेल्या सभागृहात त्याचे बोलणे ऐकत होती ती ती एकटी, आणि बोलणे संपल्यावरही ऐकत होती.

*

कार्यक्रम आटोपला. लोकांनी नवे दरवाजे उघडझाप करून बघितले, लाल नळकांड्यांना हात लावून बघितले, ओव्हरसियरशी हात मिळवले आणि जेवायच्या वेळेला घरोघर गेले. बायको पुढे जाऊन रिक्षा बघते म्हणाली. आई जागेवरच होती.

"निघूया?" ओव्हरसियरने विचारले.

"बस जरा. पायरीवर गर्दी असेल."

पायरीवर कुणी नव्हते. तो तिच्या शेजारी बसला.

दोघे मंचाकडे बघत होते. मंचावर टेबल, त्यावर गुच्छ, आणि टेबलावरचे कापड वाऱ्याने जरा हलत होते.

"मोठ्यानं बोललास ते बरं केलंस," आई म्हणाली.

"कुणी ऐकलं नाही."

"तसं नाही." ती थोडी थांबली. "ते कधी बसायचे नाहीत माहितीये? कसलाही कार्यक्रम असो. शेवटच्या रांगेच्या मागे, दाराशी उभे. मी कधी आले तर म्हणायची, अहो, बसा की, एवढ्या खुर्च्या पडल्यात. तर म्हणायचे, इथे उभं राहिलं की कळतं, बोलणं मागपर्यंत येतंय का नाही." आईने मांडीवरची पिशवी उचलून छातीशी धरली. "तुझं आलं असतं."

ओव्हरसियरने दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवले आणि मान खाली घातली. आईने त्याच्याकडे बघितले नाही. बराच वेळ ती समोरच बघत राहिली, हाक मारल्यावर माणूस येईपर्यंत आपण जसे दुसरीकडे बघत उभे राहतो तशी.

मागच्या रांगांवरचे दिवे विझले. मग मधल्या रांगांवरचे. मग त्यांच्या डोक्यावरचे विझणार तेवढ्यात थांबले.

ओव्हरसियरने मागे वळून बघितले. दाराशी एजन्सीचा नवा रखवालदार उभा होता, गणवेशातला, बटणावर बोट ठेवून. त्याने घाई केली नाही. ती दोघे उठतील म्हणून तो तसाच थांबला होता.